खलनायकाचे दात

माणसं मला आधी खालून दिसतात. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात मंचाच्या पुढ्यात एक खड्डा खणलेला असतो. त्यात पेटीवाला, तबलजी आणि प्रॉम्प्टर बसतात. पेटीवाल्याला निदान मान वळवून प्रेक्षकांत कोण कोण आलंय ते बघता येतं. प्रॉम्प्टरला ती चैन नाही. त्याची नजर एकदा संहितेवर, एकदा नटाच्या तोंडावर. शाळेतली नोकरी संपल्यावर मी वडशाच्या एका नाटक मंडळीत हे काम धरलं. धानाची कापणी झाली की होळीपर्यंत गडचिरोली-चंद्रपूरच्या गावागावांतून हिंडायचं आणि खड्ड्यात बसून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटायची. या कामात अभिनय फारसा कळत नाही, पण मंडळीतल्या कुणाची कुठली दाढ किडली आहे ते मी आजही सांगू शकतो.

केवळराम भाऊंचे दात पांढरे होते. संशय यावा इतके पांढरे. आमच्या भागात खर्रा न खाणारा माणूस शोधावा लागतो. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटायचा, गालात धरायचा आणि दिवस काढायचा. त्यामुळे तोंडं लालसर, दात तपकिरी. भाऊ इतरांइतकाच खर्रा खायचे. मग त्यांच्या दातांवरचा रंग जायचा कुठे, हा प्रश्न मला पहिल्याच हंगामात पडला होता.

भाऊ आमच्या मंडळीचे खलनायक. कधी जंगलाचा ठेकेदार, कधी सावकार, कधी नुसताच वाईट माणूस. ते आधी काही बोलायचेच नाहीत. हळूहळू लोकांकडे वळायचे आणि ओठ मागे घेऊन सगळे दात दाखवायचे. मग हसायचे. पुढे बसलेल्या बाया लेकरांना पदराखाली ओढायच्या. अलीकडे लेकरांना ओढायच्या आधी मोबाईल वर करतात, एवढाच फरक. मंडळीच्या जाहिरातीच्या फलकावर नायक-नायिका कोपऱ्यात आणि मधोमध भाऊंचं ते हसू. त्या दातांवर मंडळीचा हंगाम चालायचा म्हटलं तरी चालेल.

मंचावर ते दुसऱ्यांना फसवायचे आणि मंचाखाली उतरले की सगळं जग आपल्याला फसवतंय असं धरून चालायचे. चहाची किटली आली की दुसरा कुणीतरी प्यायल्याशिवाय कपाला हात लावायचे नाहीत. मोबाईल नेहमी पालथा ठेवायचे. का, तर तो ऐकतो. एकदा रस्त्यात एका माणसाने त्यांना वाकून रामराम घातला. आम्ही पुढे गेलो. बरंच अंतर गेल्यावर भाऊ थांबले.

"मास्तर, यानं आज रामराम काऊन केला?"

"तुम्हाला ओळखतो म्हणून."

"कालही वळखत होता ना. काल नाई केला." मग मान हलवून ते नेहमीचं वाक्य म्हणाले, "सांगता येत नाई."

'सांगता येत नाई' हे वाक्य त्यांच्या तोंडात खर्ऱ्यासारखंच कायम असायचं. पाऊस येईल का, बस येईल का, दुकानदार चांगला आहे का, सगळ्याला एकच उत्तर. मात्र ते म्हणताना डोळे असे बारीक करायचे की समोरच्याला वाटावं, यांना सगळं ठाऊक आहे आणि वेळ आली की ते कोर्टात सांगणार आहेत.

त्यांच्याजवळ एक ॲल्युमिनियमचा डबा होता. जुना, शाळकरी पोरांचा असतो तसा. त्याला बारकं कुलूप. किल्ली कमरेच्या करदोड्याला. मला वाटायचं पैसे असतील, दागिना असेल. एका सकाळी नाटक संपल्यावर गावच्या हापशीवर तो डबा उघडला तेव्हा आत एक ब्रश, एक हाताएवढा आरसा आणि करड्या रंगाची पुडी निघाली.

त्या पुडीत तुसाची राख होती. आमचा सगळा भाग धानाचा. राईस मिलमध्ये धान भरडलं की तुसाचे ढीग पडतात, ते जळतात आणि त्याची बारीक राख उरते. भांडी घासायला ती नामी. पितळेवरचा डाग बोटाच्या एका फेऱ्यात निघतो. भाऊंनी विचार केला, जी पितळ उजळते ती दात का नाही उजळणार? मिलमधून राख आणायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून स्वतःच्या हाताने गाळायची, कारण दुसऱ्यानं गाळली तर त्यात काय पडेल सांगता येत नाही, मग त्यात मीठ मिसळायचं. झालं मंजन.

आणि ब्रश. आठवडी बाजारात ते ब्रशाचे केस अंगठ्यावर दाबून बघायचे. टोचला तर चांगला. दुकानदाराने मऊ ब्रश पुढे केला की भाऊ माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचे.

"हे लबाडी हाय, मास्तर. मऊ ब्रशानं दात साफ होत नाई. मंग दात किडते. मंग मानूस डाक्टरकडे जाते. कंपनीवाला अन् डाक्टर एकमेकाले मिळेल हायत."

त्यांचं दात घासणं हा बघण्यासारखा प्रकार होता. उकिडवं बसायचं, ब्रश मुठीत कुऱ्हाडीचा दांडा धरतात तसा धरायचा आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे करवत चालवायची. कोपर असं उडायचं की हापशीवर आलेल्या बाया पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, बाजूला घेऊन उभ्या राहायच्या. थुंकलं की फेस गुलाबी. मी एकदा म्हटलंही, भाऊ, रक्त येतंय. ते म्हणाले, "खराब रगत हाय. निंगू दे." रात्रभरचा खर्रा दातांवरून उतरेपर्यंत ते थांबायचे नाहीत. मग आरशात दात बघायचे, आणि आरसा थोडा तिरका करून मागे कोण उभं आहे तेही बघून घ्यायचे.

इतक्या मारानंतर ब्रश किती टिकणार? थोड्याच दिवसांत त्याचे केस चारी दिशांना फाकायचे. भाऊंना मात्र त्याचा एकच अर्थ दिसायचा. आपला ब्रश कुणीतरी चोरून वापरतो.

चोर पकडायला त्यांनी सापळा लावला. नटांच्या मिशा चिकटवायचा डिंक असतो, त्याने डब्याच्या फटीवर एक धागा चिकटवला. कुणी डबा उघडला की धागा तुटणार. पुढचे कितीतरी दिवस धागा शाबूत राहिला आणि ब्रश मात्र फाकतच गेला. साध्या माणसाने यावरून शोध थांबवला असता. भाऊंनी निष्कर्ष काढला की चोर साधा नाही. धागा न तोडता डबा उघडणारा म्हणजे हुशार माणूस, आणि मंडळीत हुशार एकच, आमचा नायक प्रफुल. त्याला खलनायकाचं काम हवंय, म्हणून तो आधी खलनायकाचा ब्रश वापरून बघतोय.

सकाळी सगळे पोहे खात बसले होते. भाऊ प्रफुलसमोर जाऊन उभे राहिले.

"हास."

"काऊन भाऊ?"

"हास म्हनलो ना."

प्रफुल हसला. भाऊंनी वाकून त्याचे दात पाहिले, वास घेतला. प्रफुल म्हणाला, "भाऊ, मी ब्रश वापरतच नाई. कडुलिंबाच्या काडीनं घासतो. इचारा सगळ्याले."

"असंच म्हनन ना तो," भाऊ मला म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हे सगळं हसण्यासारखंच होतं.

कुरखेड्याला भाऊंचं घर माझ्या घराला लागून. मध्ये बांबूचं कुंपण. भाऊंच्या पत्नी वच्छलाबाई. अंगाने भरलेली, सावकाश बोलणारी बाई. घर पिढ्यान्‌पिढ्या तळ्यातल्या मासोळीवर जगलेलं. भाऊ नाटकात गेले, तळं वच्छलाबाईंनी सांभाळलं. बाजाराच्या दिवशी मासोळीचं टोपलं घेऊन बसायच्या. भाऊ पहाटे नाटकावरून परतायचे तेव्हा त्या विहिरीचं ताजं पाणी भरून ठेवायच्या. भाऊ ओट्यावर बसून दात घासायचे, मग वच्छलाबाई लोटा आणून हातात द्यायच्या, भाऊ चूळ भरायचे आणि उरलेलं पाणी पिऊन टाकायचे. रात्रभर खलनायक असलेला माणूस त्या लोट्यापाशी नवरा व्हायचा. मला कुंपणातून ते बघायला आवडायचं.

त्या वर्षी थंडी कडक पडली. एका सकाळी भाऊंनी लोट्यातल्या पाण्याचा घोट घेतला आणि ओरडत उभे राहिले. गाल धरला. लोटा अंगणात घरंगळला.

"पान्यात काय घातलं?"

"पानी घातलं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"चुना घातला. दातात घुसला माह्या. कळ डोक्याले गेली."

"चुना तुमच्या खिशात असते. माह्या गुंडात नाई."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाऊंनी लोटा हातात घेतलाच नाही. म्हणाले, "आधी तू पी."

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मी कुंपणाच्या अलीकडे कण्हेरीला पाणी घालत होतो, माझा हात थांबला. त्यांनी लोटा तोंडाला लावला, सगळा रिकामा केला, पालथा करून दाखवला आणि आत जाऊन दुसरा भरून आणला. तो मात्र त्यांनी हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि निघून गेल्या. तेव्हापासून रोज असंच. एक घोट त्या प्यायच्या, लोटा खाली ठेवायच्या, भाऊ तो उचलायचे. पुढे भाऊ प्रवासातली बाटलीच घरात वापरायला लागले. हापशीवर स्वतः भरायची, उशाशी घेऊन झोपायचं.

संशय सर्दीसारखा असतो, शेजारी राहिलात की लागतो. खरं सांगायचं तर वच्छलाबाई बाजाराला गेलेल्या असताना मी त्यांच्या गुंडात डोकावून पाहिलं. स्वच्छ पाणी होतं. माझं तोंड दिसत होतं.

त्याच आठवड्यात वच्छलाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

"मास्तर, तुमी शिकेल मानूस. तुमीच सांगा. गावातल्या लोकाइनं आमच्या हातचं पानी कधी घेतलं, कधी नाई घेतलं. त्याचं काई नाई वाटलं मले. पन घरचा मानूस? होळीपर्यंत पायतो. यानं माह्या हातून, मी न चाखता, एक लोटा पानी पेलं तर ठीक. नाई तं मी वरोऱ्याले भावाकडे जातो. परत येत नाई."

मला फार वाईट वाटलं. आणि भाऊंचा रागही आला, इतका की त्या आठवड्यातल्या नाटकात त्यांना दोन वाक्यं उशिराच सांगावीशी वाटली. सांगितली वेळेवरच, पण वाटलं होतं.

मीच म्हटलं, भाऊ, चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवू. मला वाटलं नाही म्हणतील. पण ते लगेच तयार झाले. का, ते बसमध्ये कळलं. त्यांच्या पिशवीत वच्छलाबाईंच्या गुंडातलं पाणी भरलेली बाटली होती. त्यांना औषध नको होतं. त्यांना पुरावा हवा होता.

दवाखाना जुन्या परकोटाच्या आत, एका अरुंद गल्लीत. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर. भाऊंनी खुर्चीत बसायच्या आधी खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि बाटली टेबलावर ठेवली.

"हे तपासा. यात काय हाय ते सांगा."

बाईंनी बाटली बाजूला सारली. "आधी तोंड तपासते, काका." त्यांनी दिवा खाली ओढला, बराच वेळ आत पाहिलं. मग एक नळी दाताजवळ नेली आणि फुस्स केलं. भाऊ खुर्चीतून हातभर उडाले.

"झोंबलं?"

"पान्यासारखंच झोंबलं!"

"यात पाणी नाही, काका. नुसती हवा आहे. हवेत कुणी काय घालणार?"

भाऊंनी गाल चोळला. डोळे बारीक झाले. "चंद्रपूरची हवा तशीही खराबच हाय."

बाई हसल्या नाहीत. मला त्यांचं कौतुक वाटलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही उजवे ना?"

"तुमाले कसं समजलं?" आता भाऊंना बाईंचाच संशय आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं.

"तुमच्या दातांनी सांगितलं. डावीकडचे दात जास्त झिजलेत. उजव्या हाताने ब्रश धरणाऱ्याचा सगळा जोर डावीकडे बसतो. हिरडी मागे सरकलीय, दाताच्या मानेशी खाच पडलीय, वरचं कठीण आवरण पार गेलंय. आतला भाग उघडा पडला की थंड पाणी झोंबणारच. पाण्यात कुणी काही घातलं असतं, काका, तर दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असत्या. पाणी काही डावं-उजवं बघत नाही."

भाऊंनी जिभेनं डावीकडचे दात चाचपून पाहिले. इतकी वर्षं ते पुरावे गोळा करत होते, पण पुरावा असा समोर मांडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. बाईंनी त्यांच्या हातात आरसा दिला. म्हणाल्या, "हे ज्याने केलं तो यात दिसेल. नीट बघा."

भाऊंनी आरसा वर धरला. नीट बघितलं. मग त्यांची नजर हळूच खांद्यावरून सरकली. मी त्यांच्या मागे उभा होतो, आरशात माझंही तोंड होतं.

"मास्तर?" ते म्हणाले.

बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. काय काम करता, दात कशाने घासता ते विचारलं. राखेचं ऐकल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "तुम्ही नाटकात काम करता म्हणालात. चेहऱ्याला रंग कसा लावता? राखेने खरवडून?"

"नाई जी. बोटानं. हलकाच."

"तसाच ब्रश धरायचा. मुठीत नाही, बोटांनी, पेन धरतो तसा. मऊ केसांचा घ्यायचा. जिथे दात आणि हिरडी भेटतात तिथे तिरका टेकवायचा आणि लहान लहान गोल फिरवायचा. आडवी करवत बंद. ब्रशाचे केस वाकले तर जोर जास्त झाला असं समजायचं. चिंच-लिंबाचं आंबट काही खाल्लं तर लगेच घासायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा. आणि राख भांड्यांना. डावीकडचे दात भरावे लागतील, लवकर या. खर्रा सोडा, तर रंग काढायची वेळच येणार नाही."

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याची बाटली उचलली आणि दारातून मागे वळून विचारलं, "मऊ ब्रश कोन्या कंपनीचा घेऊ?"

"कुठल्याही कंपनीचा घ्या."

हे उत्तर त्यांना चमत्कारिक वाटलं. कंपनीला मिळालेल्या बाईने कंपनीचं नाव सांगायला हवं होतं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मूल गाव मागे गेलं, जंगल सुरू झालं, तेव्हा म्हणाले, "मास्तर, मी काय करतो, एका बाजूनं बाईचं ऐकतो. एका बाजूनं माहं. पाहू कोन खरं."

मी म्हटलं, डावीकडचे दात मुळात गेलेले आहेत, तिकडे तरी राख लावू नका. ते म्हणाले, "उजवी बाई. डावा मी. बदल नाई."

आणि तसंच केलं. हंगामाचे उरलेले दिवस हापशीवर एकाच माणसाच्या तोंडात दोन माणसं दात घासत होती. आधी मऊ ब्रश. तो ते चोरासारखे तीन बोटांत धरायचे, हिरडीशी टेकवायचे आणि डोळे मिटून असे हलके फिरवायचे की वाटावं, झोपलेल्या लेकराच्या गालाला पावडर लावतायत. मग तोंड वळवून राखेची पुडी, टणक ब्रश आणि करवत. थोड्याच दिवसांत उजवीकडचा फेस पांढरा पडायला लागला. डावीकडचा गुलाबीच. भाऊ थुंकताना माझ्याकडे पाठ करायला लागले, तेव्हा मी ओळखलं की त्यांनाही ते दिसतंय. पण खर्रा सुटला नव्हता, आणि घरी उशाशी बाटली होतीच. होळी जवळ येत होती. वच्छलाबाईंनी वरोऱ्याला फोन केल्याचं मला कळलं होतं. मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "सांगता येत नाई." पण या वेळी डोळे बारीक झाले नाहीत.

हंगामातला शेवटून दुसरा प्रयोग. आमची नाटकं उजाडेपर्यंत चालतात. शेवटचा अंक आला तेव्हा मंडपाच्या फटीतून उजेड आत येत होता. त्या नाटकात ठेकेदार लोकांसमोर खडी सुपारी दातानं फोडतो आणि मग हसतो. भाऊंनी नेहमीप्रमाणे सुपारी डाव्या दातांत धरली. कडकन आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ माझ्या डोक्यावर वाकले होते. काहीतरी माझ्या संहितेवर पडलं आणि पानाच्या घडीत जाऊन बसलं. मला वाटलं सुपारीचा तुकडा. पांढरा होता. तो दात होता. डावीकडचा सुळा.

मी वर पाहिलं. भाऊंनी खाली पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता. इतक्या वर्षांत खालून पाहिलेल्या त्या तोंडावर मला पहिल्यांदाच नुसती भीती दिसली. पुढे हसू होतं. त्या हसण्यावर नाटक उभं होतं. मी पुढचं वाक्य सांगितलं. भाऊंनी ओठ घट्ट मिटले आणि हसलेच नाहीत. उरलेला सगळा अंक ते ओठ न उघडता, घशातल्या घशात बोलले. पुढच्या बाया नेहमीपेक्षा जास्त घाबरल्या. त्यांना वाटलं, भाऊंनी आज नवीनच काहीतरी आणलं.

नाटक संपल्यावर ते हापशीवर गेले नाहीत. मंडळीची गाडी परत निघाली, मी आणि ते मागच्या बाकावर. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला.

"द्या."

मी रुमालाची गाठ सोडून दात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मुळाशी, जिथे हिरडी असायला हवी होती तिथे, खोल आडवी खाच होती. आमच्याकडे झाड पाडायच्या आधी बुंध्याला कुऱ्हाडीनं अशीच खाच घालतात. ती खाच आडव्या ब्रशाची होती. चुन्याची नव्हती, पाण्याची नव्हती. भाऊंनी त्यात अंगठ्याचं नख घालून पाहिलं. दात उलटा केला, सुलटा केला. सगळ्या बाजूंनी चौकशी केली.

"भाऊ, काय वाटतं?"

"आता सांगता येते," ते म्हणाले. मग खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली आणि खिडकीबाहेर टाकली.

पुढच्या वर्षी ते आमच्या मंडळीत नव्हते. खोटा दात बसवून दुसरीकडे गेले आणि तिथेही मालकाशी संशयावरून भांडले, असं कानावर आलं. मला ते ऐकून बरं वाटलं. माणूस मुळातून बदलला असता तर मी त्यांना ओळखलंच नसतं. पण माझ्याजवळ त्यांचं म्हणून जे चित्र आहे ते त्याच सकाळचं, गाडीतून उतरल्यावरचं.

वच्छलाबाईंच्या दाराशी कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. भाऊंनी ती पाहिली. ओट्यावर बसले, डबा उघडला, राखेची पुडी काढून भांडी घासायच्या जागेवर ठेवली. मग मऊ ब्रश घेतला. आधी उजवीकडे, मग डावीकडे, जिथे दात नव्हता त्या जागेभोवतीही, तेवढ्याच हलक्या हाताने. मी कुंपणाशी उभा होतो. कण्हेरीला पाणी घालायचं राहिलंच होतं.

"पानी दे वो," भाऊ म्हणाले.

वच्छलाबाई लोटा घेऊन आल्या. भाऊंकडे न बघता, लागलेल्या सवयीने, त्यांनी तो आपल्या तोंडाकडे नेला. भाऊ उठले. तोंडात फेस तसाच. त्यांनी लोट्यावर हात ठेवला. पाणी दोघांच्याही अंगावर सांडलं.

"नोको," ते म्हणाले.

त्यांनी लोटा वच्छलाबाईंच्या हातातून घेतला, चूळ भरली आणि उरलेलं पाणी पिऊ लागले. विहिरीचं पाणी, फाल्गुनातलं, अजून बर्फासारखं. डावीकडचे उघडे दात काय करत असतील ते मला कळत होतं. भाऊंच्या मानेच्या शिरा वर आल्या, डोळे मिटले गेले, एक हात गालावर गेला. पण लोटा खाली आला नाही. रिकामा होईपर्यंत आला नाही.

"थंड हाय," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"विहिरीचं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी लोटा घेतला आणि आत जाताना दुसऱ्या हाताने दारातली पिशवी उचलून आत नेली.

भाऊंनी डोळे पुसले. मग त्यांचं लक्ष कुंपणाकडे गेलं आणि त्यांचे डोळे पूर्वीसारखेच बारीक झाले.

"काऊन पाहून राह्यले जी, मास्तर?"